जुना सर्व्हर, नवी रॅम आणि एका अक्षराची किंमत

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी इतिहासाचा शिक्षक. संगणकावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, आपल्या वर्गणीतून खरेदी करताना माझ्या हातून एक चूक झाली. तिचा हिशेब आपल्यापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

आपल्या संगणक कक्षात देणगीदाखल मिळालेला डेल कंपनीचा पॉवरएज टी ११० टू हा सर्व्हर आहे. हे मॉडेल २०११ साली बाजारात आले. मुलांचे काम, हजेरी आणि निकालाचे तक्ते त्यावरच असतात. त्यात अवघी ४ जीबी रॅम होती. सगळा वर्ग एकदम कामाला बसला की यंत्र अडून राही. 'भंगारात द्या,' असा सल्लाही मिळाला.

पण दुखणे कोठे होते ते पाहा. हार्ड डिस्क म्हणजे कचेरीतले कपाट, आणि रॅम म्हणजे कारकुनाचे टेबल. टेबल लहान असले की प्रत्येक कागदासाठी त्याला उठून कपाटाकडे जावे लागते. रॅम भरली की संगणकही असाच डिस्ककडे धावतो, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी मंद. म्हणजे कारकून बदलण्याची गरज नव्हती. टेबल मोठे करायचे होते.

आपण वर्गणी दिलीत. मी ८ जीबीच्या चार जुन्या पट्ट्या स्वस्तात आणल्या. चारही खाचांत त्या अचूक बसल्या. बटण दाबले, पण पडदा काळाच राहिला.

तेव्हा नववीतील एका मुलीने दोन्ही पट्ट्यांची लेबले शेजारी ठेवून विचारले, "सर, जुन्या पट्टीवर आकड्याच्या शेवटी 'ई' आहे, नवीवर 'आर' का?" सारे मर्म त्या एका अक्षरात होते. दोन्ही पट्ट्या डीडीआर ३ जातीच्या, दोन्हींना २४० पिना. पण 'आर' म्हणजे रजिस्टर्ड. मोठ्या सर्व्हरमध्ये पुष्कळ पट्ट्या असतात, म्हणून संदेशांचा भार पेलणारी एक जादा चिप त्यांवर बसविलेली असते. आपल्या लहान सर्व्हरला ती पद्धत चालत नाही. त्याला 'ई' जातीची, म्हणजे रजिस्टर नसलेली पण चूक दुरुस्त करणारी ईसीसी रॅम लागते. गुणपत्रिकेत आपण उभी-आडवी बेरीज ताडून पाहतो, तशी ही रॅम दर ६४ बिटांमागे ८ जादा बिटे ठेवते आणि त्यांतील एक बिट चुकले तर स्वतःच सुधारते.

यंत्राच्या पुस्तिकेत हे सर्व छापलेले होते: खाचा ४, कमाल मर्यादा ३२ जीबी, रॅमची जात कोणती. मी ती उघडलीच नव्हती. विक्रेत्याने माल परत घेतला नाही. ती रक्कम मी माझ्या पगारातून भरली आहे. पावती कार्यालयात आहे.

पुढचे काम मुलांनी केले. आधी सर्व फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. यंत्र बंद करून विजेची वायर काढली. अंगातील स्थिर वीज चिपला मारू नये म्हणून पेटीच्या उघड्या धातूला हात लावला. पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या जोडीने बसविल्या, कारण जोडीने बसविल्यास दोन्ही मार्गांनी माहितीची ये-जा होते. पडद्यावर १६ जीबीचा आकडा उमटला. तरी घाई न करता रात्रभर रॅमची चाचणी चालविली आणि सकाळी वर्ग भरविला. आता सगळी मुले एकदम काम करतात.

विद्यार्थी मित्रांनो, वस्तू खाचेत बसली म्हणजे ती चालेलच असे नाही. यंत्र काय मागते ते आधी वाचा, मग पैसा खर्च करा; तो पैसा दुसऱ्याचा असेल तर दोनदा वाचा. आणि पालकहो, शिक्षकाची चूक दाखविणाऱ्या मुलीला गप्प बसवू नका. त्या दिवशी तिच्या प्रश्नानेच आपला सर्व्हर वाचला.

त्या चार निरुपयोगी पट्ट्या मी कक्षाच्या भिंतीवर लावल्या आहेत. येता-जाता मी त्या पाहतो. आपणही पाहाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.