कागद जाणणारा माणूस हवा
(जिल्हा बैठकीतील भाषणावरून)



कपाशी-ज्वारीच्या गावांतून कोणाकोणाची पोरं पिंपरी-चिंचवडला, चाकणला गेलीत, असं विचारलं तर निम्मी सभा हात वर करील. पाऊस दगा देतो, पोरगं एस.टी. धरतं, भोसरीला एका खोलीत पाच-सहा जणांत राहतं, ठेकेदाराकडं नाव लावतं. आपण गावात सांगतो, पोरगं कंपनीत लागलं. कोणत्या कंपनीत? गेटवरची पाटी एकाची, पगार देणारा दुसराच. हातात नेमणुकीचं पत्र नाही. प्रेसमध्ये बोट गेलं म्हणजे कळतं, की कागदावर आपण कोणाचेच नव्हतो.

गावात तरी निराळं काय आहे? बाप गेला, वारसनोंद राहिली. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर चढलंच नाही. जमिनीत हक्क मिळाला तर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा, असं १९६६ चा जमीन महसूल कायदा सांगतो. आपल्याला त्याची आठवण होते ती सोसायटीनं कर्ज नाकारल्यावर.

वापसा गेला की पेरणी गेली, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. कायद्यालाही वापसा असतो. त्याला मुदत म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायला सांगितलं आहे. पण कामावरून काढलं तर दाद मागायची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली. हे पोराला कोण सांगणार?

हे सांगणारा, कागद जपणारा माणूस म्हणजे पॅरालीगल. तो वकील नव्हे. १९६१ च्या वकिलांच्या कायद्याप्रमाणे कोर्टात बाजू मांडायचा धंदा वकिलानंच करायचा. पण त्याआधीचं काम थोडं का आहे? अर्ज लिहिणं, नकला काढणं, पोच घेणं, तारखांची वही ठेवणं. हे काम आपल्या पोरापोरींना जमेल.

यात पोट भरेल का, असं तुम्ही विचाराल. वाटा तीन आहेत.

पहिली वाट वकिलाच्या ऑफिसात कारकुनीची. शासनाची मराठी टंकलेखनाची परीक्षा द्यावी आणि राजगुरुनगर किंवा शिवाजीनगर कोर्टात काम करणारा चांगला वकील गाठावा. सुरुवातीला पगार थोडा, शिक्षण मोठं.

दुसरी वाट कारखान्याच्या किंवा ठेकेदाराच्या कामगार कचेरीची. हजेरीपट, प्रॉव्हिडंट फंड, ई.एस.आय. हे तिथलं काम. पदवीनंतर कामगार कायद्याची पदविका करता येते. पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयात ती शिकवतात. महिन्याचा पगार बांधून हवा असेल त्यानं ही वाट धरावी.

तिसरी विधी स्वयंसेवकाची. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २००९ साली ही योजना आणली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण माणसं निवडतं, प्रशिक्षण देतं. मानधन काम केलेल्या दिवसापुरतं. त्यावर घर चालणार नाही, हे आधीच समजून घ्या. पण गावाला उपयोग सगळ्यांत जास्त याचाच. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, दुष्काळासारख्या आपत्तीनं नाडलेले, यांना सरकारी खर्चानं वकील मिळतो. फोन १५१०० या नंबरवर करायचा. हक्क आहे, पण तालुक्याच्या कोर्टापर्यंत हात धरून नेणारा नाही, म्हणून तो तसाच पडून राहतो.

एक इशारा देतो. कागद जाणणारा आणि दलाल यांच्यात एका पावलाचं अंतर आहे. नुकसानभरपाईत टक्का मागितला, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, की ते पाऊल पडलं. आपल्या कामाचे पैसे उघड सांगावे, पावती द्यावी. जे कळत नाही ते कळत नाही म्हणावं आणि वकिलाकडं पाठवावं. या धंद्यात भांडवल एकच, लोकांचा विश्वास. तो एकदा गेला की पुन्हा उसना मिळत नाही.

तेव्हा गावोगाव बसा. बारावी झालेली एक पोरगी आणि एक पोरगा निवडा. पोरगी आधी म्हणतो, कारण सातबाऱ्यावरून गळालेलं नाव बहुतेक वेळा तिच्या आईचं असतं. पुढच्या बैठकीला येताना ही नावं लिहून आणा.