तपासणाऱ्याची तपासणी

आजचा विषय आहे अणुवीज केंद्रांची तपासणी. काही जणी म्हणतील, ताई, आपण बचत गटातल्या बाया, आपला काय संबंध? पण सात-आठ मिनिटं ऐका. भाकरी थापता थापता ऐकलंत तरी चालेल.

आपल्या गटाच्या वह्या तपासायला वर्षातून कोणीतरी येतं. ती व्यक्ती ठराव वही, हप्त्यांची वही, पासबुक उघडून एकमेकांशी ताडून बघते का? की सचिवताईंनी पुढे केलेल्या कागदावर सही करते आणि चहा घेऊन निघते? हे कोण बघतं? म्हणजे तपासणाऱ्याचं काम कोण तपासतं? अणुवीज केंद्राच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे, फक्त तिथे चूक फार महागात पडते.

अमेरिकेत ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठावर डेव्हिस-बेसी नावाचं अणुवीज केंद्र आहे. तिथली अणुभट्टी म्हणजे जाड पोलादाचं मोठं भांडं आणि त्यावर घट्ट बसवलेलं झाकण. आतलं पाणी अतिशय तापलेलं आणि दाब आपल्या कुकरपेक्षा जवळपास १५० पट. झाकणाचं पोलाद सुमारे १६ सेंटिमीटर जाड, आणि आतल्या बाजूला स्टेनलेस स्टीलचा पातळ थर. झाकणातून ६९ नळ्या वर आलेल्या. भट्टीचा जोर कमी-जास्त करणारे दांडे त्यातल्या बहुतेक नळ्यांतून वर-खाली होतात.

त्या पाण्यात बोरिक आम्ल मिसळलेलं असतं. बोरिक पावडर आपल्याला ओळखीची आहे. मुलं ती कॅरमवर टाकतात, आपण झुरळांसाठी कणकेत कालवून गोळ्या करतो. पण नळीला चीर पडून ते पाणी बाहेर झिरपलं, तर साध्या पोलादाला ते हळूहळू खाऊन टाकतं.

२००१ च्या सुरुवातीला दक्षिण कॅरोलायनातल्या ओकोनी केंद्रात अशा नळ्यांना धोकादायक चिरा सापडल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिथल्या अणुनियामक आयोगाने तशाच प्रकारच्या केंद्रांना नळ्यांच्या तपासणीची माहिती मागितली. ज्यांना धोका जास्त, त्यांनी ३१ डिसेंबरपर्यंत तपासणी उरकावी, असं सांगितलं. डेव्हिस-बेसीच्या कंपनीने मुदत मागितली. तपासायचं तर केंद्र बंद ठेवावं लागतं आणि बंद केंद्र म्हणजे रोजचं नुकसान. केंद्र बंद करायला लावणाऱ्या आदेशाचा मसुदाही आयोगात तयार झाला होता, पण तो निघाला नाही. शेवटी तडजोड होऊन १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली.

केंद्र बंद झालं आणि मार्चमध्ये एक नळी दुरुस्त करताना ती हलली. आजूबाजूचं साफ करून पाहिलं, तर झाकणाच्या पोलादात नारळाएवढा खड्डा! आम्लाने पोलाद आरपार खाल्लं होतं. उरला होता फक्त आतला स्टेनलेस स्टीलचा थर, एक सेंटिमीटरहून कमी जाडीचा आणि दाबाने किंचित फुगलेला. तो फुटला नाही, बाहेर काही पसरलं नाही. पण १६ सेंटिमीटर पोलादाचं काम तो एकटा पातळ थर करत होता.

आता खरी गोष्ट ऐका. हा खड्डा एका रात्रीत पडला नव्हता, वर्षानुवर्षं वाढत होता आणि खुणा दिसत होत्या. १९९९ पासून आतली हवा तपासणाऱ्या यंत्राच्या जाळ्या गंजाच्या भुकटीने तुंबत होत्या. आधी महिन्याने बदलायच्या, त्या पुढे दोन-दोन दिवसांनी बदलाव्या लागल्या. जाळी बदलली, काम चालू राहिलं. भुकटी येते कुठून, याचा छडा लागला नाही. २००० साली झाकणाचा एक फोटो काढला होता. त्यात झाकणावरून तांबूस, गंजलेले ओघळ उतरलेले स्पष्ट दिसतात. ज्या नोंदीला तो फोटो जोडला होता, ती आयोगाच्या तिथल्या निरीक्षकांपर्यंत पोचली होती. पण त्याचं गांभीर्य कोणी ओळखलं नाही. झाकण नीट बघता यावं म्हणून मोठी भोकं पाडायचं काम तर कंपनी कित्येक वर्षं पुढे ढकलत होती.

आणि आयोगाच्या नजरेत हे केंद्र कसं होतं? चांगलं! आपल्याकडेही असंच होतं ना? "तो गट चांगला आहे हो, तिथे काय बघायचं?"

यानंतर आयोगाने स्वतःच्याच कामाची तपासणी केली. त्यासाठी नेमलेल्या गटाने २००२ मध्येच स्पष्ट लिहिलं की ही घटना टाळता आली असती. दुसऱ्या केंद्रांच्या अनुभवातून कंपनी शिकली नाही आणि आयोगही शिकला नाही. हातात असलेली माहिती आयोगाने एकत्र जोडून पाहिली नाही. आयोगाच्याच महानिरीक्षकांनी तर नोंदवलं की मुदत देताना कंपनीचं नुकसान कमी व्हावं, या विचाराचा मोठा वाटा होता. मग २००३ च्या फेब्रुवारीत अशी झाकणं ठरावीक काळाने तपासण्याचा सक्तीचा आदेश निघाला. डेव्हिस-बेसी दोन वर्षं बंद राहिलं. २००५ मध्ये आयोगाने कंपनीला ५४ लाख ५० हजार डॉलर दंड ठोठावला. २००६ मध्ये सरकारी खटल्याच्या तडजोडीत कंपनीने २ कोटी ८० लाख डॉलर भरायचं कबूल केलं. मुदत मिळवताना आयोगाला खोटी माहिती दिली गेली, हेही तिने मान्य केलं.

आता आपल्याकडे येऊ. पालघर जिल्ह्यातलं तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. आपल्या देशात तपासणीचं काम अणुऊर्जा नियामक मंडळ करतं. ते १९८३ मध्ये स्थापन झालं, मुख्यालय मुंबईत. या मंडळाचं कामही तपासलं गेलं आहे. २०१२ मध्ये कॅगच्या अहवालात आलं की देशातली सुमारे ९१ टक्के एक्स-रे केंद्रं मंडळाकडे नोंदलेलीच नव्हती. एक्स-रे तर आपण सगळ्याच काढतो! २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं तज्ज्ञ पथक मुंबईला आलं. त्यांनी सुरक्षेबद्दलची मंडळाची बांधिलकी वाखाणली. पण दोन गोष्टी सुचवल्या: मंडळाचं स्वातंत्र्य कायद्यातच पक्कं करा, आणि अणुवीज केंद्रांत प्रत्यक्ष जाऊन होणाऱ्या नेहमीच्या तपासण्या वाढवा. म्हणजे कागद पुरेसा नाही, जागेवर जा आणि स्वतः बघा.

हे घाबरवायला सांगत नाही. अणुवीज केंद्रात आपण शिरू शकत नाही. पण गावात पाण्याच्या टाकीची, अंगणवाडीतल्या धान्याची, शाळेच्या खिचडीची तपासणी होतेच. तिथे चार प्रश्न विचारता येतात. तपासणाऱ्याने वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली का? मागच्या वेळी जी खूण दिसली, तिचं पुढे काय झालं? तारीख पुढे ढकलली असेल तर कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी? आणि "तिथलं चांगलं असतं" म्हणून काही न बघता सोडलं का?

येत्या ग्रामसभेत टाकीचा विषय निघाला की "टाकी धुतली" एवढ्यावर मान डोलवू नका. शेवटची कधी धुतली, कोणी चढून पाहिलं, वहीत तारीख आहे का, विचारा. कोणी म्हणेल, ताई, फार प्रश्न विचारता. म्हणू द्या. वही मात्र तिथेच उघडायला लावा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.