गाडी टायर का खाते?

(जिल्हा बैठकीच्या दुपारच्या सत्रात एका दूध उत्पादक शेतकऱ्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



मी काही वक्ता नाही. पहाटे दोन कॅन मोटारसायकलला अडकवून डेअरीवर जाणारा माणूस आहे. सकाळच्या सत्रात दुधाच्या खर्चाचा हिशेब मांडला गेला. पेंड, चारा, मजुरी, डॉक्टर, सगळे आले. गाडीपुढे मात्र आपण 'पेट्रोल' एवढा एकच शब्द लिहिला. टायर, चेन, बेअरिंग यांचे पैसे कुठे गेले? ते आपल्याच खिशातून गेले आणि कुठे लिहिलेही गेले नाहीत. म्हणून मी पाच मिनिटे मागून घेतली.

२०२३ सालची माझीच गोष्ट सांगतो. वर्षभरात मागचे दोन टायर संपले. तिसरा घालताना दुकानदार म्हणाला, "लोड फार असतो तुमचा, एक साईज जाड घाला." मी घातला. पंधरा दिवसांनी चेन सैल पडली. रस्त्याच्या कडेला थांबून मीच ताणली. घाई होती, डावीकडचा नट चांगला दोन-तीन फेरे आवळला, उजवीकडचा अर्धाच. त्यानंतर कॅन भरलेले असले की मागून सुर्र असा आवाज यायचा. रबर जळल्याचा वासही यायचा. मला वाटले, मडगार्ड घासत असेल, बघू सवडीने.

सवड मिळाली नाही. एके दिवशी पुतण्या दूध घेऊन गेला आणि कॅनॉलच्या रस्त्यावर मागचा टायर फुटला. साठ लिटर दूध मातीत गेले. पोराचे कोपर सोलले. मागून टेम्पो येत होता, त्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आज मी इथे दुधाची गोष्ट सांगतो आहे. नाहीतर पोराची सांगावी लागली असती.

चाक काढले तेव्हा कळले. मागचे चाक ज्या दोन दांड्यांच्या चिमट्यात बसते, त्याच्या डाव्या दांडीचा आतून रंग उडून लोखंड चकचकीत झाले होते. त्याच जागी टायरची डावी भिंत घासून आतले धागे उघडे पडले होते. डावा नट जास्त ओढल्याने एक्सलचे डावे टोक मागे गेले, चाकाचे तोंड डावीकडे वळले आणि जाड टायर दांडीला टेकला. ती खूण कित्येक दिवस तिथे होती. दर आठवड्याला गाडी मीच धूत होतो. बघितले नाही, एवढाच माझा गुन्हा.

खांदा सोलला तर जू बघा

बैलाचा खांदा सोलला तर आपण काय करतो? नुसती हळद लावून थांबत नाही. जू कुठे टोचते ते बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र टायर झिजला की टायर बदलतो, चेन झिजली की चेन बदलतो आणि जू तसेच ठेवतो. मग नवा मालही तसाच झिजतो.

आता कोणती झीज काय सांगते ते ऐका.

टायर मधोमध झिजला असेल तर हवा जास्त आहे. एकट्याने डांबरी रस्त्यावर सरळ चालवलेल्या गाडीला मधली झीज थोडी होतेच, पण लवकर झाली तर हवा तपासा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत असेल, तर हवा कमी किंवा ओझे जास्त. एकाच बाजूने झिजला असेल तर चाक तिरके बसले आहे, चिमटा वाकला आहे, किंवा रोज एकाच बाजूला जास्त वजन लटकते आहे. टायरवर हात फिरवून खड्डे-उंचवटे लागले तर शॉकअप, चाकाचे बेअरिंग किंवा चिमट्याचा बुश संशयित धरा. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर ब्रेक जाम लावून चाक घसटले आहे.

चेनही साक्ष देते. स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच बाजू घासून चमकत असेल तर चाक तिरके आहे. दाते आकड्यासारखे वाकले असतील तर चेन-सेट संपला. तेव्हा नुसती चेन बदलू नका, दोन्ही स्प्रॉकेटही बदला. जुने दाते नवी चेन लवकर खातात.

दहा मिनिटांची तपासणी

गाडी बंद करा, मधल्या स्टँडवर लावा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसायला कधीही जाऊ नका. त्यात बोटे जातात.

चाक हाताने फिरवा. चिमट्याला एक काडी टेकवून तिचे टोक रिमजवळ धरा. रिम जवळ-लांब होत असेल तर आऊट काढून घ्या. स्पोकवर पान्याने हलके टिचका. ताणलेला स्पोक टणत्कार देतो, सैल स्पोक बद्द वाजतो. मग टायर दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. चिमटा स्थिर आणि चाक खडखडते, तर बेअरिंग गेले. चिमटाच हलतो, तर बुश गेला. हा फरक कळला की नको तो भाग बदलायची पाळी येत नाही.

चेन खालच्या बाजूला मधोमध वरखाली करून बघा. साधारण इंचभर सैल असावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. फार ताणली तर ओझ्याखाली आणखी ताणते आणि बेअरिंग खाते. ताणायची असेल तर एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवा, दोन्हीकडच्या खुणा जुळवा. खुणांवर भरवसा नसेल तर सुतळी घ्या. चिमट्याच्या बोल्टपासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडचे अंतर मोजा. नट परत पक्का आवळा. मागचा ब्रेक ड्रमचा असेल तर तोही तपासा, कारण चाक सरकले की ब्रेकही बदलतो.

ओझ्याचा हिशेब

आता जू कोणते ते सांगतो. ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे ८२ किलो दूध, कॅनचे वजन वेगळे, वर आपण. गाडी बनवली आहे दोन माणसांच्या हिशेबाने, आणि आपण ओझे लटकवतो एक्सलच्याही मागे. मग पुढचे चाक हलके होते, मागचे मरते. कॅन जमेल तितके पुढे घ्या. दोन्ही बाजूंना सारखे दूध भरा. एक भरलेला, एक अर्धा असे नको. मागच्या चाकाला दोन माणसांसाठी हवेचा वेगळा आकडा दिलेला असतो, तेवढी हवा ठेवा. जाड टायर घालून ओझे कमी होत नाही, हे मी पैसे मोजून शिकलो. त्यापेक्षा एक कॅन कमी नेऊन दुसरी खेप केलेली परवडते.

आणि वहीत लिहा. टायर कधी घातला, किलोमीटरचा आकडा काय होता, किती टिकला. गाडीची झीज हा दुधाचा खर्च आहे. आपणच तो लिहिला नाही तर दुसरा कोण लिहिणार?

बाहेर लिंबाखाली आपल्या सगळ्यांच्या गाड्या उभ्या आहेत. बैठक संपली की लगेच किक मारू नका. आपापल्या गाडीमागे जरा उकिडवे बसा, चिमट्याच्या आतून नजर टाका. चकचकीत लोखंड दिसले तर मला हाक मारा. पाने मी बरोबर आणले आहेत.