सुट्या भागांची परीक्षा



सन १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला ह्या संशोधकाने एक लहानशी नौका तारेवाचून, दुरून चालवून दाखविली. त्याच तत्त्वावर चालणारी खेळण्यातील मोटारगाडी आज जुन्या बाजारात अल्प किमतीस मिळते. परंतु ती बहुधा अपुरी असते. कधी रिमोट हरवलेला असतो, तर कधी बॅटरी नसते. अशी गाडी शाळेत आली म्हणजे सेल घालून कळ दाबण्यात येते. ती हलत नाही. आणि 'बिघडली' असा शेरा मिळून ती अडगळीत जाते. हा शेरा पुष्कळदा अन्यायाचा असतो.

रिमोट आज्ञा पाठवितो, गाडीतील सर्किटची पाटी ती ग्रहण करते, बॅटरी शक्ती पुरविते आणि मोटर चाक फिरविते. ह्या साखळीतील एक दुवा नसला तरी सारी गाडी स्तब्ध राहते. म्हणून नसलेल्या दुव्याचा दोष असलेल्या दुव्यावर न लादता प्रत्येक भाग स्वतंत्रपणे तपासावा.

आरंभ मोटरीपासून करावा. तिच्या तारा पाटीपासून सोडवून घ्याव्यात, अन्यथा वीज उलट वाटेने पाटीत शिरून ती निकामी होण्याचा संभव असतो. नंतर दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडून त्यांची तीन व्होल्ट शक्ती मोटरीस द्यावी. मोटर फिरल्यास तारांची अदलाबदल करावी. ती उलट फिरू लागते. न फिरल्यास आस बोटाने फिरवून पाहावा. पुष्कळदा त्यात केस वा दोरा गुंतलेला आढळतो. मल्टिमीटर असल्यास त्याची टोके मोटरीस लावून आस फिरवावा. काटा किंचित हलला तर आतील वेटोळे शाबूत आहे असे समजावे.

मात्र एकच कसोटी सर्वांना लागू पडत नाही. मोठ्या गाड्यांत चाके वळविण्यासाठी सर्व्हो नावाचा भाग असतो. त्याला तीन तारा असतात: दोन शक्तीच्या व तिसरी आज्ञेची. केवळ शक्ती दिल्याने सर्व्हो वळत नाही. तिसऱ्या तारेवर दर सेकंदास सुमारे पन्नास सूक्ष्म स्पंदने यावी लागतात. प्रत्येक स्पंदन सेकंदाच्या एक ते दोन सहस्रांश काळ टिकते, आणि त्या काळावरून सर्व्हो किती वळावयाचे ते ठरवितो. आज्ञा मिळाली नाही म्हणून तो स्वस्थ बसला, तर तो नादुरुस्त कसा म्हणावा? शिवाय तारांची जी अदलाबदल मोटर सहन करते, तीच सर्व्होचा नाश करू शकते.

पाटीचेही तसेच आहे. तिच्या जोडीचा रिमोट नसेल तर ती चांगली की वाईट, हे ह्या साधनांनी सांगता येत नाही. म्हणून वर्गात तीन डबे ठेवावेत: 'चांगले', 'बिघडलेले' आणि 'अनिर्णित'. अनिर्णित भागावर चिठ्ठी लावून त्याची परीक्षा कशावाचून अडली ते विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे. पुढे जोडीचा भाग मिळाल्यावर तो डबा पुन्हा उघडावा.

एक दक्षता अवश्य पाळावी. घरगुती विजेचा ह्या प्रयोगांशी कदापि संबंध येऊ देऊ नये. फुगलेली लिथियम बॅटरी मुलांच्या हाती देऊ नये. ती टोचल्यास वा दाबल्यास पेट घेते.

ह्या तिसऱ्या डब्याचे मोल केवळ खेळण्यापुरते नाही. वर्गातही प्रश्न विचारल्यावर एखादे मूल स्तब्ध राहते. त्याला येत नाही, की प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, ह्याचा निर्णय पहिल्याच दिवशी होत नसतो. सर्व्होला आज्ञेची तार जोडून पाहणारा शिक्षक त्या मुलालाही दुसऱ्या शब्दांत, दुसऱ्या रीतीने पुन्हा विचारील. आणि उत्तर मिळेपर्यंत शेरा लिहिण्याची घाई करणार नाही.