जुने घर : वाढवावे की दुरुस्त करावे?



गुंजवण्यात आमचे मातीच्या भिंतींचे कौलारू घर आहे. मुलगी दहावीला, तिला अभ्यासाला खोली हवी. पैसे एकाच कामापुरते. थोरले बंधू म्हणाले, स्लॅब टाकून माडी चढवू. पण राजगडाखालच्या पावसाने भिंतींच्या बुडाला ओल, वाशांना वाळवी. अशा भिंतींवर स्लॅबचा भार म्हणजे घर अंगावर घेणे! शेजारी खोली जोडावी, तर नवा पाया वेगळा खचतो, सांध्याला भेग पडून पाणी शिरते. म्हणून वासे बदलले, कौले चाळली, पाणी वाहून जायला चर खणला. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधताना ग्रंथांची जागा आधी योजली होती. आम्ही पडवी फळ्यांनी बंद करून मुलीला दिली. बंधू अजून नाराज आहेत.