पाठवणाऱ्यांची जबाबदारी

(गडमुडशिंगी येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल. आपले सेवक सातपुड्यातल्या पाड्यांवर आणि रायगडच्या कातकरी वाड्यांवर कामाला जातात. ते जातात कसे, आणि सुखरूप परत यावेत म्हणून आपण पाठवणारे काय करतो, याबद्दल मला बोलायचे आहे.

इथल्या कितीतरी घरांतली मुले गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहेत. कारखान्याने मशीन बसवायला माणूस परगावी धाडला, तर त्याची राहायची सोय, गाडीभाडे, विमा कारखान्याने बघावा असे आपण धरून चालतो. मंडळीचा सेवक निघाला की आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो. ती हवीच. पण धडगावच्या घाटात रात्री मोटरसायकल पंक्चर झाली, तर तो अजून पोहोचला नाही हे माहीत असलेला कोणीतरी माणूसही हवा.

मिशनकामातला धोका म्हटला की आपल्याला जानेवारी 1999 मधले ओडिशातले मनोहरपूर आठवते. ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले गाडीत झोपली असताना जाळली गेली. ते विसरता येणार नाही. पण त्या एका रात्रीमुळे आपली नजर रोजच्या धोक्यावरून हटली आहे, असे माझे मत आहे. आपल्या सेवकाला रोज भेटतो तो झोप आलेला ड्रायव्हर, टपापर्यंत भरलेली जीप, पावसात खचलेला रस्ता, अंधारातला साप. 26 जानेवारी 2018 च्या रात्री गणपतीपुळ्याहून येणारी मिनीबस आपल्याच शिवाजी पुलावरून पंचगंगेत कोसळली, 13 जण गेले. ती माणसे देवदर्शन करून परतत होती. रात्रीचा रस्ता कोण कुठल्या कामाला निघालाय हे बघत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठची काही गावे अशी आहेत, की सरदार सरोवराचे पाणी मागे पसरल्यापासून तिथे होडीनेच जावे लागते. दवाखानासुद्धा तिथे पाण्यावर तरंगत येतो. 2019 च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भुशाजवळ होडी उलटली आणि लहान मुलांसह काहींचे जीव गेले. पुढच्याच वर्षी, कोरोनाच्या काळात, त्याच भागातली एक अंगणवाडी सेविका बाळांचा आहार पोहोचवायला स्वतः होडी वल्हवत जाई. जाऊन-येऊन 18 किलोमीटर! पेपरात फोटो आले, आपणही कौतुक केले. ती बाई कौतुकाला पात्रच आहे. पण कुणाच्या धैर्याला टाळ्या वाजवल्या की आपले काम संपले असे आपल्याला वाटू लागते. तिला लाइफ जॅकेट कोण देणार, हे त्या टाळ्यांत कुणी विचारल्याचे माझ्या कानावर आले नाही.

रायगडची गोष्ट वेगळी. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर बांधवांची ही वाडी. वर गाडी जाणारा रस्ता नाही. मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा तो चढ चढताना हृदयविकाराने मृत्यू झाला. आपले काही सेवक पन्नाशीपुढचे आहेत, बीपीची गोळी खिशात घेऊन वाड्या चढतात. त्यांची तपासणी आपण दरवर्षी करतो का?

आता पवित्र शास्त्राकडे वळतो. प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय घरी जाऊन सावकाश वाचा. उपासाचा दिवस उलटून गेलेला, म्हणजे समुद्रप्रवासाचा हंगाम संपत आलेला. पौल सांगतो की आता निघालो तर नुकसान होईल, जिवाचेही. शताधिपती ऐकतो कुणाचे? तारवाच्या मालकाचे आणि तांडेलाचे. कारण काय, तर ते बंदर हिवाळा काढायला सोयीचे नव्हते. पुढे वादळ, आणि तारू फुटले. 276 जण वाचले ही देवाची कृपा. पण त्या कृपेच्या भरवशावर पौलाने आधीचा इशारा गिळला नव्हता. आपल्यात कधीकधी उलटे होते. 'आज नको जाऊया' असे म्हणणारा सेवक अल्पविश्वासी ठरतो. हे मला मान्य नाही.

आणि पैशाचे बोलतो, कारण गाठ तिथेच आहे. वर्षाच्या हिशेबात प्रवासखर्चाचा आकडा दिसला की सभेत हात वर होतात. लॉजवर एवढे का गेले? अहो, ते वाचवायला सेवक रात्रीच्या गाडीत अवघडून बसतो, पहाटे उतरून तसाच दुचाकीवर घाट चढतो. अहवालात गावांची संख्या मोठी दिसावी म्हणून एका दिवसात तीन पाडे उरकतो. आपण देणगीदार जे विचारतो तेच शेवटी रस्त्यावर घडते. कामावर असताना अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची, हे तत्त्व आपल्या देशात 1923 च्या कायद्यापासून आहे. माणूस 'मानधनावर' आहे असे कागदाकडे बोट दाखवून हात झटकणे ख्रिस्ती संस्थेला शोभत नाही.

म्हणून समितीपुढे मी हे ठेवले आहे. दिवस मावळल्यावर दुचाकी नाही, मग मुक्काम शाळेत का असेना. दोघांनी हेल्मेट घालायचे, मागे बसणाऱ्यानेही. एकट्याने जायचे नाही. प्रभूने शिष्यांना दोघे दोघे पाठवले, त्यात शहाणपण होते. भगिनी जाणार असतील तर मुक्कामाचे घर आधी ठरलेले हवे. जॅकेटशिवाय होडीत पाय नाही. रोज रात्री आठला ऑफिसला फोन. रेंज नसेल तर कधी येईल ते निघतानाच सांगायचे, आणि त्या वेळेनंतर दोन तासांत आम्ही शोध सुरू करायचा. जिथे जायचे तिथून सर्पदंशाची लस असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कुठला, हे चिठ्ठीवर लिहून खिशात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परत फिरायचा अधिकार. ओढ्याला पाणी आहे, ड्रायव्हर प्यालेला दिसतो, गावात तंग वातावरण आहे. सेवकाला योग्य वाटले नाही तर त्याने मागे फिरावे. कारण विचारायचे ते शिकण्यासाठी, जाब म्हणून नाही. त्या दिवसाचा भत्ता पूर्ण मिळेल. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग दिवसेंदिवस बंद होता, तेव्हा पाण्यात गाडी घालणाऱ्याला आपण शूर म्हटले नाही. मग डोंगरातल्या ओढ्याला वेगळा नियम कशाला?

यामुळे यंदा अहवालात गावांचा आकडा कमी दिसेल. तो पाहून निराश होऊ नका, एवढी विनंती. पावसाळ्याआधी आठ लाइफ जॅकेट, सहा हेल्मेट आणि सेवकांच्या अपघातविम्याचा हप्ता एवढे जमवायचे आहे. यादी दाराशी टेबलावर आहे. आणि जे सेवक इथे बसले आहेत, त्यांतल्या पाच जणांच्या घरचे फोन नंबर आमच्या वहीत नाहीत. चहाच्या आधी तेवढे लिहून द्या.