एक नाव, दोन मुळं



कवितेत एका शब्दाचे दोन अर्थ निघाले, तर आम्ही कवी खूश होतो. औषधात तसं झालं, तर जीवावर बेततं. 'फांगजी' या चिनी औषधाचं असंच झालं.

अंगावरची सूज उतरावी, सांधेदुखी थांबावी म्हणून चिनी वैद्य फांगजीचं मूळ इतर औषधांबरोबर काढ्यात देत आले. पण या नावानं दोन मुळं विकली जात. 'फेन फांगजी' आपल्या गुळवेलीच्या कुळातली. 'ग्वांग फांगजी' अ‍ॅरिस्टोलोकिया या अगदी वेगळ्या वंशातली.

१९९० साली ब्रुसेल्समधल्या एका दवाखान्यानं वजन उतरवण्याच्या औषधात चिनी वनस्पतींची भुकटी घातली. हवी होती पहिली फांगजी, आली दुसरी. त्यानंतर धडधाकट बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. अशा रुग्णांची संख्या पुढे शंभरावर गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून तपासलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल हे त्यामागचं विष.

दोष निव्वळ अदलाबदलीचा नव्हता. ग्वांग फांगजी खुद्द चीनमध्येही वापरात होती. मग जुन्या वैद्यांना हे कळलं कसं नाही? काढा पिताच उलटी झाली, तर औषधावर बोट ठेवता येतं. मूत्रपिंड हळूहळू आटत गेलं, तर मागच्या काढ्याची आठवण कोण काढणार? लगेच होणारा अपाय परंपरेला दिसतो. सावकाश होणारा निसटतो. अखेर २००५ च्या चिनी औषधसंहितेतून ग्वांग फांगजी वगळली गेली.

आपल्याकडची ईश्वरी, म्हणजेच सापसण, याच वंशातली. युनानी हकिमांचं जरावंदही त्यातलंच. हकिमाच्या शब्दाला आमच्या घरांत मोठा मान. म्हणून तर हे मुद्दाम सांगतो.

तेव्हा काष्ठौषधी घेताना तिचं शास्त्रीय नाव विचारा. ते सांगता येत नसेल, तर भुकटीची पुडी परत करा. जे घेत असाल, ते डॉक्टरांपासून लपवू नका. आणि कुणी 'हजार वर्षांचं औषध' म्हणालं, तर एवढंच विचारा : घेणाऱ्यांचं पुढे काय झालं, याची नोंद कुणी ठेवली होती का?